जावयाला सांगायची गोष्ट

आई, तुमच्या तेराव्याला जेवून उठलेल्या माणसांनी हात पुसता पुसता मला एकच प्रश्न विचारला, "मग आता काय, इथंच राहणार का तुम्ही?" जसा काही मी तुमच्याबरोबर आलेला पाहुणा होतो आणि यजमानीण निघून गेली तरी पाटावरून उठायला तयार नव्हतो. तुमच्या लालबागच्या भाच्यानं तर दोनदा विचारलं. मी म्हटलं, "सासूबाई जाताना काही बोलल्या नाहीत. निरोप आला की कळवतो." तो हसला नाही. तुम्ही हसला असतात. म्हणजे तोंड फिरवून, पदर तोंडाशी धरून, पण खांदे हलले असते. माझ्या विनोदाला ह्या घरात इतकीच दाद मिळायची आणि मला ती पुरायची.

कसा आलो मी तुमच्याकडे, आठवतंय? लग्न ठरलं तेव्हा कुर्ल्याला थोरल्या भावाच्या एका खोलीत आम्ही सात माणसं राहत होतो. रात्री कूस बदलायची तर आधी सगळ्यांचं एकमत व्हावं लागे. इकडे मुलुंडला तुमच्या दोन खोल्या, आणि माणसं दोन, तुम्ही आणि सुनंदा. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालेलं. "जागा मिळेपर्यंत राहा," तुम्ही म्हणालात. मीही मित्रांना तेच सांगितलं, की जागा मिळेपर्यंत. पहिल्या वर्षी मी खरंच जागा बघायचो. दुसऱ्या वर्षी जागांच्या जाहिराती वाचायचो. तिसऱ्या वर्षी त्या जाहिरातींवर तुम्ही शेंगा सोलायला लागलात आणि मी शेंगा खायला. घरजावई म्हणून ऑफिसात माझी यथेच्छ टिंगल झाली. मीही तीत भाग घेतला. आपली टिंगल दुसऱ्यांनी करण्याआधी आपणच केली, तर ती जरा बऱ्यापैकी होते.

सुनंदा ट्रंक कॉल जोडणारी ऑपरेटर. बहुतेक दुसरी पाळी. ती दुपारी निघायची ती रात्री दहाला उगवायची. मी भांडुपच्या रंगाच्या कंपनीतून साडेसहाला घरी. म्हणजे हिशेब असा झाला की माझा संसार सुनंदाशी होता आणि संध्याकाळ तुमच्याबरोबर. चहा, सातच्या बातम्या, बातम्या देणारीच्या साडीवर तुमचं मत, आठ वाजता पान. तुम्ही वाढायचात, उभ्यानं. मी जेवायचो, बसून, बोलत. "तुम्हीही बसा की," असं मी म्हणायचो, पण ते कसं, जावयानं म्हणायचं म्हणून. "मी मागून बसेन, सुनंदा आली की," असं तुम्ही म्हणायचात, पोळीवर तूप घालत.

सुनंदाला तुम्ही काय सांगायचात ते मला फार उशिरा कळलं. तिला सांगायचात, "मी जेवले गो, मोहनरावांच्या मागून."

माझ्या मागून आणि सुनंदाच्या आधी अशी एक पंगत ह्या घरात रोज बसत होती. तिथं एकच पान होतं आणि ते कुणीही पाहिलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी रोज पाहिली आणि तिचा अर्थ भलताच लावला. तुमचा पदर. मे महिन्यातसुद्धा, मुलुंडच्या त्या उकाड्यात, भिंतीला हात लावला तर चटका बसावा अशा दुपारीही तुम्ही माझ्यासमोर दोन्ही खांद्यांवरून पदर गच्च ओढून यायचात. पिन लावलेला. मला वाटायचं, हा माझा मान. मी ऑफिसात सांगायचो, "आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. माझ्यापुढे पदर नीट घेतल्याशिवाय येत नाहीत. दरारा आहे आपला." घरजावयाचा दरारा. ऐकणारे हसायचे, आणि मला वाटायचं ते कौतुकानं हसताहेत. तुमचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. फळीवरचा डबा काढायचा तर मला हाक. त्याला मी संधिवात असं नाव दिलं होतं आणि त्यावर तुम्हाला कुठलंसं तेलही आणून दिलं होतं. तुम्ही ते तेल वर्षभर देवाच्या दिव्याला वापरलंत.

गणपतीनंतर तुम्ही जरा उतरल्यासारख्या दिसायला लागलात. "पित्त झालंय," तुम्ही म्हणालात. पित्त म्हटल्यावर मला जोर चढला. पित्तावर बोलता येत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. आवळा, सुंठ, थंड दूध, उपाशीपोटी लाह्या. कंपनीतल्या प्रत्येकाकडून एकेक उपाय आणून मी तुमच्यावर केला. तुम्ही सगळे घेतलेत, तोंड वाकडं न करता. शेवटी मीच म्हटलं, चला डॉक्टरकडे. सुनंदाला रजा नव्हती. मी घेऊन गेलो, आपल्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी विचारलं, "मागे काही मोठं आजारपण? ऑपरेशन वगैरे?"

प्रश्न तुम्हाला होता. उत्तर मी दिलं. "छे हो डॉक्टर. आमच्या आईंचं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही. कोकणातलं पाणी आहे."

तुम्ही समोरच्या कॅलेंडरकडे बघत होतात. औषधकंपनीचं होतं, त्यावर एक गुटगुटीत बाळ. तुम्ही त्या बाळाकडे इतकं लक्ष देऊन बघत होतात की मला वाटलं, आता आपल्याला नातवंडावरून ऐकून घ्यावं लागणार. म्हणून मी आणखी भरभर बोललो. डॉक्टरांनी पांढरं औषध लिहून दिलं, जेवणानंतर दोन चमचे. ते औषध तुम्ही दिवाळीपर्यंत घेतलंत. जेवणानंतर घ्यायचं औषध, आई, न जेवता.

ते मला कळलं ते तुमच्या पानातल्या बांगड्यामुळे. मी जेवून उठलो होतो, हात धुऊन बाहेर बातम्यांपुढे बसलो होतो, आणि चष्मा आत राहिला म्हणून परत आलो. तुम्ही खाली पानावर बसला होतात. पानात भात, तिरफळं घातलेली आमटी, आणि बांगड्याचं डोकं. तुमच्या आवडीचं. एरवी त्या डोक्याचं तुम्ही काय करायचात ते मांजरांनी शिकावं असं. त्या दिवशी तुम्ही भात उचलून परत पातेल्यात घालत होतात. मूठभर, हळू, वर आधीसारखा सारखा करत. सुनंदाला कळू नये म्हणून.

"आई, काय करताय?"

"काही नाही. जास्त वाढला गेला."

"तुम्ही जेवलाच नाहीत."

"जेवले की. दोन घासांत भरतंय हल्ली. वय झालं."

मी खाली बसलो. तुमच्यासमोर, तुमच्याच पानासमोर. तुम्ही चटकन पदर सावरलात. मी म्हटलं, "उद्यापासून आपण बरोबर जेवायचं." तुम्ही म्हणालात, आमच्यात सासू जावयाच्या पंगतीला बसत नाही. मी म्हटलं, मग जावई उपाशी. तुम्ही म्हणालात, बघू किती दिवस. दुसऱ्या दिवशी मी खरोखर पान मांडून नुसता बसलो. आमटीचा वास सुटलेला, पोटात कावळे, आणि मी तोंड मिटून. माझं तोंड मिटलेलं तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, बहुधा त्यालाच घाबरलात. आलात, बसलात, पण माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. तशी आपली पहिली पंगत झाली. तुम्ही घास घेत होतात ते मला फक्त खांद्यावरून कळत होतं. खांदा हलला. पुन्हा हलला. मग हलायचा थांबला आणि तुम्ही नुसत्याच बसून राहिलात, मी जेवून होईपर्यंत.

त्या आठवड्यात मी तुम्हाला मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. मला बाहेर बसवलं, तुम्हाला आत घेतलं. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पेशंटचं छातीचं ऑपरेशन कधी झालं? रिपोर्ट आणलेत का?"

"कुणाचं?" मी म्हटलं.

"आत तपासतेय त्यांचं."

"तुमची काहीतरी चूक होतेय. त्या माझ्या सासूबाई आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मी चुकून दुसऱ्याच्या सासूला घेऊन आलोय. "डावा स्तन काढलेला आहे," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झालीत. तुम्ही एकाच घरात राहता ना?"

राहत होतो. एकाच घरात, एकाच न्हाणीघरात, तुमची पातळं आणि माझे लेंगे एकाच दोरीवर. आणि मला माहीत नव्हतं.

परतीला रिक्षा केली. मग मी म्हटलं, "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत का कधी?"

"असं कोण विचारतं, आई?"

"मग असं कोण सांगतं? जावयाला सांगायची गोष्ट का ती?"

"त्या डॉक्टरांपुढे तरी बोलायचं. मी तिथं छातीठोक सांगतोय की काही झालं नाही..."

"तुम्ही इतकं चांगलं सांगत होतात," तुम्ही बाहेर बघत म्हणालात. "मध्ये कुठं बोलायचं."

हा वाद आपला तिथंच राहिला. घर आलं, रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते, आणि नंतर प्रत्येक वेळी मी तो काढला की तुम्हाला काहीतरी काम निघायचं. सुनंदाला मी विचारलं. ती रडली. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचं ऑपरेशन. तुम्ही तिला देवापुढे बसवून शपथ घातली होतीत, होणाऱ्या नवऱ्याला कळता कामा नये. रक्तातला रोग म्हणून लग्न मोडेल. मग लग्न झाल्यावर सांगायचं होतं, पण जावई घरातच येऊन बसला आणि उठलाच नाही. "आणि ते बरं झालं होतं हो," सुनंदा सारखी म्हणत होती. "डॉक्टर म्हणाले होते, झालं, संपलं. माझ्या डोक्यातच आलं नाही की पोटाचा आणि त्याचा काही संबंध असेल." तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात यायला तिथं काही नव्हतंच. आणि तुमच्या?

नळी घालून पोट बघितलं, आतला तुकडा काढून तपासायला गेला. डॉक्टरबाईंनी मला आणि सुनंदाला समोर बसवून सांगितलं. पोटाची पिशवी आतून ताठ झालीय, ताणतच नाही, म्हणून दोन घासांत भरते. पण हा पोटाचा कॅन्सर नव्हे. तो छातीचाच, जुनाच. इतकी वर्षं कुठंतरी दडून होता, आता पोटात येऊन राहिलाय. मी विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "गोळ्या काही महिने आधी सुरू झाल्या असत्या, इतकंच."

इतकंच. त्या 'इतकंच'मध्ये किती जेवणं बसली असती, ते मी अजून मनातल्या मनात मांडून बघतो, आणि मोडतो.

तुम्हाला सांगायचं नाही, अल्सर म्हणायचं, असं आम्ही ठरवलं. अशा वेळी सगळेच असं ठरवतात. घरी आलो, सुनंदा न्हाणीघरात गेली आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"मोहनराव, सकाळपासून तुम्ही एकही फालतू विनोद केला नाहीत. काय ते सांगा."

आता ज्याच्या पोटात काही राहत नाही अशा माणसावर घरानं ही कामगिरी सोपवायलाच नको होती. मी सांगून टाकलं. म्हटलं, "तुमचा जुनाच आजार आहे. मूळ छातीचा. आता पोटात येऊन राहिलाय."

तुम्ही जरा वेळ तांदूळ निवडत राहिलात. मग म्हणालात, "म्हणजे घरजावई."

मला हसू आवरेना. तुम्हालाही. पहिल्यांदाच तोंडाशी पदर न धरता, समोर बघून हसलात, आणि म्हणालात, "आधीचा एक होता तो परवडला. निदान भाजी तरी आणून देतो." सुनंदा ओल्या केसांनी बाहेर आली तर आम्ही दोघं डोळे पुसत हसत होतो. तिला वाटलं, आमचं दोघांचं डोकं फिरलं. तिनं काय झालं ते विचारलं, आणि तुम्ही मालवणीत म्हणालात, "काय नाय गो. ह्येका गुपित ठेवक जमणा नाय."

गोळ्या लागू पडल्या. हे लोकांना खरं वाटत नाही, पण पौषात तुम्ही चक्क अर्धा बांगडा खाल्लात. आदल्या दिवशीचा बांगडा मी आणलेला होता. आणला कसला, कोळणीनं माझ्या गळ्यात मारला होता. तुम्ही सांगितलं होतंत, कल्ला उघडून बघा, लाल आहे का. मी बाजारात त्याचा डोळा दाबून बघितला. पिशवी दारात ठेवली न ठेवली तोच तुम्ही आतून म्हणालात, "तो मांजराला घाला. आणि तिला परत तोंड दाखवू नका, ती तुम्हाला ओळखून राहील." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, रिक्षानं. बाजारात तुम्ही त्या कोळणीला जे बोललात ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं की गेली कित्येक वर्षं तुम्ही माझ्याशी जे गोड मराठी बोलत होतात ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबश्यांसारखं होतं. त्या दिवसांत पंगतीला तुम्ही भिंतीकडून जराशा वळलात. पूर्ण नाही. एक गाल दिसायचा.

मग होळीच्या सुमाराला पुन्हा उलट्या सुरू झाल्या. सुनंदाची रजा संपलेली. संध्याकाळी तुम्ही आणि मी. मी पाणी द्यायचो, पिकदाणी धरायचो, पण त्याच्यापुढे तुमचं कुंपण होतं. मानेखाली मी हात लावायचा नाही. अंग पुसायचं, कपडे बदलायचे, ते शेजारच्या जोशीकाकू, नाहीतर सुनंदा. ओल्या कपड्यांत तुम्ही तासन्‌तास पडून राहायचात, पण मला आत बोलवायचं नाही.

त्या संध्याकाळचं मला सांगायलाच हवं. दिवे लागले होते. तुम्हाला मोठी उलटी झाली, गळ्यापासून कमरेपर्यंत सगळं भिजलं.

"तुम्ही बाहेर व्हा."

"आई, मी पुसतो."

"बाहेर व्हा म्हटलं ना. सुनंदा येईल."

"तिला यायला अजून तीन तास आहेत."

"मग तीन तास."

मी बाहेर गॅलरीत उभा राहिलो. आत तुम्ही एका हातानं हुकांशी झगडत होतात. हे मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. श्वास, मग काहीच नाही, मग पुन्हा श्वास. काहीतरी खणकन पडलं.

"मोहनराव. जोशीकाकू आहेत का बघा."

"कुलूप आहे."

"खालच्या सावंतबाई?"

"त्या माहेरी गेल्यात."

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं तुम्ही झोपलात. नाहीतर आणखी काही झालं असेल, तेही वाटलं.

"बरं," तुम्ही म्हणालात. "या."

मी डोळे मिटून आत गेलो. खरंच, गच्च मिटून. काय वाटलं मला कुणास ठाऊक, मोठा सभ्यपणा करतोय असं वाटलं असेल. पहिल्याच पावलाला स्टूल लागलं, त्यावरचा तांब्या गडगडला, पाणी माझ्या पायांवर, मी पलंगाच्या दांड्याला धरून कसाबसा सावरलो.

"डोळे उघडा," तुम्ही म्हणालात. "पडलात तर तुम्हाला कोण उचलणार? आता काय बघायचं राहिलंय."

मी उघडले. ब्लाउज तुम्ही अर्धा काढला होतात आणि तो डाव्या हाताला अडकला होता. डाव्या बाजूला काही नव्हतं. काखेपासून मधल्या हाडापर्यंत एक आडवी शिवण, जुनी, गुळगुळीत झालेली, आणि कातडीखाली लगेच बरगड्या. श्वासाबरोबर त्या वर यायच्या. मी टॉवेल ओला करून पुसलं. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, आणि तुम्ही माझ्याच चेहऱ्याकडे बघत होतात. ते मला जाणवत होतं.

"घाबरलात?"

मी कपाटातून धुतलेला ब्लाउज काढला. मी म्हटलं, "आधी कुठली बाही?"

"डावी. ती वळत नाही."

आधी डावी, मग उजवी, मग हुक. हुक लावायला मला इतका वेळ लागला की तुम्ही म्हणालात, "कंपनीत रंगाचे डबे तरी बंद करता येतात का तुम्हाला?" मी पदर घातला. दोन्ही खांद्यांवरून घ्यायला गेलो तर तुम्ही हात धरलात. "राहू दे. उकडतंय."

दहाला सुनंदा आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, ब्लाउज उलटा कसा?"

"घाईत घातला," तुम्ही म्हणालात.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी टीव्ही बघत होतो. टीव्ही लावलेला नव्हता.

त्यानंतर तुम्ही जोशीकाकूंची चौकशी केली नाहीत. पुढे पुढे मी इतका सराईत झालो की एकदा ब्लाउज सुलट घातला म्हणून तुम्ही मला शाबासकी दिलीत. आपण दोघं फारच थोडं बोलायचो त्या दिवसांत. मी बडबडा माणूस, पण मला त्याचं काही वाटत नसे. इतकी वर्षं मी तुमच्यासमोर बोलत होतो. तुमच्याशी बोलणं पहिल्यांदा होत होतं ते तेव्हा.

शेवटी वैशाखात इस्पितळ. बायकांचा वॉर्ड, भेटीची वेळ संपली की पुरुषांनी बाहेर. सिस्टरनं मला हटकलं. "टाइम हो गया. तुम कौन? लडका?"

थांबायला मिळेल म्हणून मी मान हलवली. हो, लडका.

तुम्ही डोळे मिटून होतात. दिवसभर पापणी हलली नव्हती. ते ऐकल्यावर डोळे उघडलेत. "लडका नाय," तुम्ही म्हणालात. "जावई."

"जमाई?" सिस्टर वैतागली. "फिर बाहर जाओ ना. बेटी को भेजो."

"बेटी ड्युटीपे है." तुम्ही दम घेतलात. "लडका होता तो करनाच पडता. ये जावई है. तरीपण करता."

सिस्टरनं काय समजून घेतलं ते माहीत नाही. तिनं मला स्टूल आणून दिलं. मी त्या स्टुलावर बसलो, आणि मला सांगायचं होतं ते काहीच सांगितलं नाही. आई, मी ते लग्न मोडलं नसतं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तरी मोडलं नसतं. पण मग वाटतं, आत्ता ह्या वयात असं म्हणणं सोपं आहे. तेव्हाच्या त्या कुर्ल्याच्या खोलीतल्या पोरानं काय केलं असतं, ते तुम्ही त्याला बघून ओळखलं असेल. तुम्हाला बांगड्याचा कल्ला न उघडता कळायचं.

अग्नी लालबागच्या भाच्यानं दिला. जावयाचा तो मान नाही म्हणाले. मी मागे उभा होतो, चपलांपाशी.

आता संध्याकाळी साडेसहाला मी कुलूप उघडून आत येतो. आधी कधी माझ्याकडे ह्या घराची किल्लीच नव्हती, हे मला आता आठवतं. चहा करतो. बातम्या लावतो. साडीवर मत द्यायला कुणी नाही. सुनंदाला सांगावं तर तिची आई गेलीय. तिचं दुःख मोठं, रीतीचं, त्याला नाव आहे. माझी सासू गेली म्हटल्यावर लोक हसायला तोंड तयार करतात. त्यांना वाटतं आता विनोद येणार.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी बेल वाजली. दारात एक म्हातारा, डोक्याला टॉवेल, दोन्ही हातांत आगळाचे कॅन. कोकमाचा रस घेऊन तो दरवर्षी तुमच्या गावाहून येतो हे मला माहीतच नव्हतं. दुपारी येत असणार.

"बाय आसा?" त्यानं विचारलं, आणि मला नीट बघून, "तुमी कोण?"

"जावई."

"मगे घर ह्याच," म्हणत तो उंबऱ्याशी टेकला. "बायेक हाक मारा. चाखल्याबिगर ती घेणा नाय."

मी आत जाऊन पाण्याचा तांब्या भरला. मग बाहेर येऊन त्याला सांगितलं. एका वाक्यात. त्यानं तांब्या तोंडाला लावला नाही, खाली ठेवला. डोक्याचा टॉवेल काढला, तोंड पुसलं. मग पेल्यात थोडं आगळ ओतून माझ्यापुढे धरलं. "मगे तुमीच चाका."

मी घोट घेतला. आंबट, खारट. त्यातलं मला काय कळणार. म्हटलं, "चांगलं आहे."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "बाय कधी बरा म्हणूक नाय."

मी आणखी एक घोट घेतला. तोंडात घोळवला. "मीठ जरा जास्त झालंय," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला, आणि बाटल्या भरायला बसला.